वाजवून घेतलेलं

शंभर वर्षं बसवायची होती
अडतीस मिलिमीटर चांदीत.
बोर्बालाने आधी प्लास्टरची थाळी घेतली,
तव्याएवढी,
आणि खिडकीपाशी बसून
बँकेच्या इमारतीचे खांब मोजले.
फोटोत सहा. समितीच्या पत्रात आठ.
तिने आठ कोरले.
पगार पत्रावरून होतो.

पत्रात बाकीचंही होतं:
दोन सालं, एक गव्हाची लोंबी,
आणि कडेवर, गोल फिरत जाणारा,
'विश्वास' हा शब्द.
सेहेचाळीसचा उन्हाळा नव्हता.

तो उन्हाळा तिच्या वरच्या मजल्यावर राहतो.
डेझ्यो बाची, नव्वदीला एक कमी,
बुडापेस्टच्या त्या जुन्या जिन्यावरून उतरताना
प्रत्येक पायरीला नावं ठेवतो.
अकरा वर्षांचा होता तेव्हा
सकाळचा पगार दुपारी शिळा व्हायचा.
आई कारखान्याच्या फाटकाशी उभी,
बाबांच्या हातून नोटा घ्यायची, धावत सुटायची,
आणि पाववाल्याशी पोचेपर्यंत
पाटीवर आणखी एक शून्य चढलेलं.
शून्यं मोजणं लोकांनी सोडूनच दिलं.
रंगावरून ओळखायचे:
निळी म्हणजे काड्यापेटी,
तपकिरी म्हणजे अर्धं अंडं.
अर्धं अंडं कुणी विकत नसे.

मग ऑगस्टात नवा पैसा आला
आणि झाडूवाल्यांनी पेंगोचे ढीग
गटाराकडे लोटले.
"पाचोळ्यासारखा आवाज," तो म्हणतो,
"पण पाचोळ्याची निदान शेकोटी होते.
या ओल्या होत्या."

त्या रात्री डोळ्याला भिंग लावून
बोर्बालाने पाचव्या आणि सहाव्या खांबामध्ये
एक रेघ ओढली, केसाहून बारीक.
झाडूची एक काडी.
समितीने नमुना दिव्याखाली फिरवून पाहिला,
म्हणाली, सावली फार छान पडली आहे.

वसंतात पहिलं नाणं मखमली डबीतून
ती वरच्या मजल्यावर घेऊन गेली.
डेझ्यो बाचीने डबी बाजूला ठेवली,
नाणं ओट्याच्या दगडावर टाकलं, कान लावला.
खणखणीत.
"काय येतं याचं?"
काही येत नाही, ती म्हणाली.
हे खर्चायचं नसतं. नुसतं जपायचं.

"पुन्हा?"
म्हणाला, आणि असा हसला
की कवळी हातात काढून घ्यावी लागली.

काडी त्याला दिसली की नाही, कोण जाणे.
त्याने चष्मा लावलाच नव्हता.
आत गेला, टोपलीतून एक अंडं आणलं,
अख्खं,
तिच्या तळहातावर ठेवलं
आणि नाणं आपल्या बाजूला ओढलं.
व्यवहार म्हणजे व्यवहार.

जिन्यात दिव्याखाली तिने मूठ उघडली.
अंड्यावर लाल शिक्का होता,
जरा तिरका, एका बाजूला पुसट.
साचा झिजलाय,
तिने सवयीने अंगठा फिरवला,
बदलायला हवा.