बाजू ब

गोठिवलीला, भाच्याच्या हळदीसाठी
दुपारी तीनलाच पोचले. मांडवात कोणी नव्हतं,
खुर्च्या एकात एक घातलेल्या,
आणि साउंडवाला पोरगा दातांनी वायर सोलत होता.
स्पीकर तपासायला त्यानं काहीतरी लावलं,
तर हिरू केणी खोकला.

तो खोकला मला पाठ.
कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याआधी.
तिथवर आलं की कोणीतरी ओरडायचंच, "पलटी कर रे!"
पुन्हा बाजू अ, पुन्हा शिट्टी, पुन्हा नाच.

माझी दहावी त्या शिट्टीखाली गेली.
कानात कापूस कोंबून बीजगणित करायचे
आणि दर उदाहरणागणिक ठरवायचे, इथून जायचं.
वाशीच्या कॉलेजात एकीनं विचारलं,
"तुमच्यात ती गाणी असतात ना? म्हण की एखादं."
"आमच्या घरी नाही ऐकत असलं," मी म्हणाले.
ण आणि ळ मी तेव्हा फार जपून वापरायचे,
शेजारून मागून आणलेल्या काचेच्या बशा जशा.

हिरू रबाळ्याच्या केमिकल कंपनीत वॉचमन होता.
शिट्टी तिथलीच.
रात्रपाळी उरकून, खाकी न बदलता गायला उभा राहायचा म्हणे.
तो गेला तेव्हा मी पुण्यात.
भावानं फोनवर सांगितलं, मी "अरेरे" म्हटलं
आणि विचारलं, घराची पट्टी भरलीस का.

आज मांडवात ढोल नाही, कोरस नाही.
एक बेंजो, तोही जरा उतरलेला.
"बांध राखाला गेला गो, बांधावंच रेला…"
उधाणाची रात्र. खारीत पाणी घुसलंय.
बाई कंदील घेऊन निघते
आणि शेताशेताला हाक घालते,
वडाची उघाडी… मोठी शिलोतर… धाकली शिलोतर…
आता तिथे सेक्टर आहेत, त्यांना आकडे आहेत.
दर नावानंतर हिरू थांबतो.
लहानपणी आम्ही हसायचो, म्हातारा शब्द विसरला!

विसरला नव्हता.
उत्तराला जागा ठेवत होता.

बाबा गेले त्या महिन्यात
मी रोज त्यांच्या मोबाइलवर फोन लावायचे,
रिंग आपली आपण संपेपर्यंत.
कुणाला सांगितलं नाही हे.

"बदलू का, ताई? बेसच नाय यात."
"राहू दे."
त्यानं अजून दोन शेतं जाऊ दिली,
मग त्याचाही धीर सुटला.
शिट्टी वाजली. कुठूनशी चार पोरं
ओल्या डोक्यांनी धावत आली.
मी पर्स खुर्चीवर ठेवली
आणि चपला काढल्या.