शनिवारचा हिशोब

मार्लिस केटुनेन गुण मांडते
बोलिंगच्या जुन्या तक्त्यांवर.
हॉल बंद पडला त्याला अकरा वर्षं झाली,
गुळगुळीत लाकडी पट्ट्या उपसून कुणीतरी
त्यांची हॉटेलातली टेबलं केली.
कोऱ्या तक्त्यांची दोन खोकी तेवढी
ऑर्व्हिलनं कचऱ्यातून घरी आणली,
कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

एका खेळाला दहा चौकोन,
आणि शनिवारच्या कार्यक्रमात प्रहसनंही
धरून-पकडून दहाच.
सगळ्या पिना आडव्या झाल्या तर फुली.
दुसऱ्या चेंडूत निभावलं तर तिरपी रेघ.
नालीत गेला तर आडवी.
अर्धा गुण मागितला की म्हणते,
"पिन काय अर्धी पडते, वेंडेल?"

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.
डुलूथच्या रविवार पुरवणीत
काय जमलं, काय फसलं यावर दोनशे शब्द लिहितो,
चाळीस डॉलरला.
खरं सांगायचं तर
माझ्या नावानं छापून येतं
ते तिचं हसू असतं.

काल खिडकीबाहेर सरोवर गोठलेलं,
खनिजाचं एक जहाज दिवे लावून अडकलेलं.
पहिलं प्रहसन राजकारणाचं.
टोप उत्तम बसला होता,
टोपाखाली कुणी नव्हतं.
आडवी.

पाहुणा कलाकार म्हणून हॉकीचा गोलरक्षक.
नजर पाटीवर, जीभ शिक्षेवर;
पण जिन्यावरून पडला तो मनापासून पडला.
तिरपी.

मग लिफ्टच्या दारात दोन अंत्यविधीवाले,
मधे चाकांवरचं प्रेत.
"आधी तुम्ही." "छे हो, आधी तुम्ही."
"असं कसं, आधी तुम्ही."
शेवटी प्रेतच कंटाळून उठलं
आणि आत जाऊन बटण दाबलं.
मार्लिसनं फुली इतकी दाबून काढली
की पेन्सिलचं टोक उडालं.
"हे आपल्याच भागातल्या कुणीतरी लिहिलंय," म्हणाली.

बोलणाऱ्या फ्रिजचं वीस सेकंद छान होतं.
पुढची चार मिनिटं
कोट चढवलेल्या पाहुण्यांनी
दारात उभं राहून बोलत राहावं, तशी.
आडवी. आणि त्यानंतरच्या दोन्हीही आडव्याच,
त्यांच्याबद्दल लिहायला मला आठवतही नाही.

पाऊण वाजता,
लेखकांची शिदोरी संपते त्या वेळी,
एक म्हातारा फोनवर:
बायको वारलीय, तिचं कनेक्शन बंद करा.
पलीकडची बाई गोड आवाजात:
"त्यासाठी ग्राहकाशी स्वतः बोलावं लागेल, सर."
म्हातारा थांबतो. घसा खाकरतो.
बायकोचा आवाज काढतो.
आणि त्या आवाजात त्याचं आपलंच भांडण जुंपतं,
चिमटा कुठे ठेवलास इथपासून.

स्टुडिओत शांतता. कुणीतरी खोकलं.
मी वहीत लिहिलं: फसलं.

शेजारी बघतो तर मार्लिस
स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून हसतेय,
उचकी लागेपर्यंत.
"गॅस कंपनीनं मला ऑर्व्हिल व्हायला लावलं," म्हणाली,
"ऑक्टोबरमध्ये. तीनदा.
दोनदा पकडलं त्यांनी.
तिसऱ्यांदा मी आधी शिवी दिली,
मग लगेच पटलं."

मी वही मांडीखाली सरकवली.
वाट पाहत होतो फुलीची.
तिनं डोळे पुसले, टोक काढलं,
आणि रेघ ओढली. तिरपी.

"शेवटी रडायला नको होतं त्यानं.
तिथे एक पिन राहिली."

वर जाऊन मी "फसलं" खोडलं,
तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं
आणि दोन वाजता पाठवून दिलं.
सकाळी पुरवणी उघडली.
लिफ्ट होती, फ्रिज होता, गोलरक्षकाचा फोटो होता.
फोनवाल्याचा परिच्छेद
संपादकानं उडवला होता.
टायरची जाहिरात आली होती म्हणे,
ऐनवेळी.