पाच विसांवर

केबलीत तारा तीनच.
एक जमिनीची, तिचं काही म्हणणं नसतं.
उरल्या तांबडी आणि पांढरी.
बोलणाऱ्यानं तांबडी खाली ओढली तर शून्य,
पांढरी ओढली तर एक,
आणि ऐकणाऱ्यानं दर वेळी
उरलेली तार ओढून सांगायचं : पोचलं.
मग दोघांनी सोडायच्या.
एका अक्षरासाठी असं आठदा.

दुआर्नेनेझच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
हा तिसरा हिवाळा मी हेच लिहीत बसलेय.
टेबलावर तीन संगणक, तिन्ही कुणीतरी टाकून दिलेले.
एकाला आधी विचारावं लागतं, पोर्टला हात लावू का.
दुसरा विचारलं तरी गप्प.
तिसरा म्हणतो, लाव की,
आणि मान टाकतो.
तिघांनाही चालेल असं एकच काहीतरी लिहायचं म्हणजे
तीन सोयरे एका पंगतीला बसवायचे.

पहिला घोटाळा आकड्यांचा.
कॅल्क्युलेटर थोरला भाग आधी सांगायचा,
संगणक धाकटा आधी ऐकायचा.
पॅराबोला पडद्यावर यायचा तो
जाळ्यात पिळवटलेल्या वामीसारखा.
दोन आठवडे केबलीलाच शिव्या घातल्या,
डाग पुन्हा दिला, बोट भाजलं.

रविवारी बाबा खेकडे मोजत होते, ब्रेटनमध्ये :
पाच विसांवर, सहा विसांवर, सात विसांवर.
वहीत मात्र फ्रेंच.
वीस-पाच. वीस-सहा. वीस-सात.
टोपलीतला एकही खेकडा त्यानं उलटा झाला नव्हता.
"गोंधळ नाही होत?"
"कुणाशी बोलतोय ते ठाऊक असलं की नाही होत,"
म्हणाले, आणि नांगी सोडवत राहिले अंगठ्यातून.

घरी येऊन सहा ओळी लिहिल्या.
त्या फंक्शनचं नाव 'कुणाशी', ब्रेटनमध्येच.
ओस्लोहून एकानं विचारलं, हा शब्द चुकून आलाय का.
नाही म्हटलं.

मग मार्चमध्ये वेसां बेटावरून रिवालों बाईंचं पत्र.
शाळेत चौदा कॅल्क्युलेटर, एक नवाकोरा संगणक,
आणि जुन्यावर उतरायचं ते यावर काहीच उतरेना.
सकाळच्या बोटीनं गेले. पोटात ढवळत होतं.
दुपारी कळलं, दोष माझाच :
थांबणं मी फेऱ्यांत मोजलं होतं.
जुन्या यंत्राच्या हजार फेऱ्या म्हणजे एक श्वास,
नव्याच्या, पापणीसुद्धा लवत नाही.
बिचारा कॅल्क्युलेटर तार उचलेपर्यंत
हा त्याला मेलेला समजून पुढे गेलेला.

फेऱ्या खोडल्या. घड्याळ लावलं.
गुल्वेन नावाच्या पोराचा प्रोग्राम पहिला उतरला,
भरती-ओहोटीचा. आई शेवाळ गोळा करते त्याची.
वेळा वीस मिनिटांनी चुकत होत्या,
पण ती चूक त्याची होती, जशीच्या तशी पोचली होती,
मला काय आनंद झाला.

त्यानं केबल उलटसुलट केली.
"कुणीच ओढली नाही तर?"
दोन्ही वर. म्हणजे निवांत.
"आणि दोघांनी एकदम ओढल्या?"
मग चूक. सगळं सोडून द्यायचं, पहिल्यापासून.
"आमच्याकडे जेवताना असंच होतं," म्हणाला,
"फक्त सोडत कुणी नाही."

संध्याकाळची बोट वाऱ्यामुळे रद्द.
रिवालों बाईंनी सूप गरम केलं,
आणि आम्ही उरलेले तेरा
एकेक करून लावत बसलो.