चेहरा नको

निपाणीत अक्कोळ रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
आमच्या ट्रस्टची एक खोली.
दोन खुर्च्या, एक कपाट, भिंतीवर जबड्याचं चित्र
आणि मी. पगार नाही, रिचार्ज मिळतो.

तोंडाच्या कॅन्सरचं पेज चालवते.
सकाळी नऊला एक पोस्ट, रात्री साडेआठला एक,
कारण साडेआठला गाव जेवून उठतं
आणि तळहातावर तंबाखू मळत मोबाइल बघतं.
हे कुणी शिकवलं नाही,
आकडे बघून कळलं.

वर मराठी, खाली कन्नड.
कुणीतरी विचारतं, कन्नड खाली का?
दुसऱ्या दिवशी कन्नड वर घेते,
मग दुसरं कुणीतरी विचारतं.
गाठीला दोन्ही भाषा येत नाहीत,
असं एकदा लिहिलं होतं. पुसलं.
शहाणपणाला हार्ट येतात, पैसे येत नाहीत.

अध्यक्ष भरमाण्णा सांगतात,
"चेहरा लाव पोरी. चेहरा दिसला की हात खिशात जातो."
खोटं नाही ते.
कागवाडच्या पोराचा लावला, गालाला भोक, डोळ्यांत पाणी,
तीन दिवसांत एकसष्ट हजार.
चौथ्या दिवशी पोरगं म्हणालं,
"कॉलेजात सगळी माझ्याकडंच बघायलीत की."
ते मी पोस्ट केलं नाही.

मग सोनाक्का मगदूम आल्या.
डाव्या बाजूचा जबडा काढलेला, पदर नाकापर्यंत.
तीस वर्षं विड्या वळलेल्या,
भूक मारायला गालात चिमूट धरून.
मी मोबाइल वर केला.
त्यांनी तळहात आडवा घातला.
शब्द नीट फुटत नव्हते, तरी कळलं:
"चेहरा नको. ह्ये घे."
आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले,
डब्यातून भाकरी काढून ठेवावी तसे.

नखं पिवळी. अंगठ्यावर
पत्र्याचं नख घालून घालून पडलेला खळगा.
करंगळी आत वळलेली, एकटीच.
मी म्हटलं, यात रोग कुठं दिसतो?
त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

रात्री साडेआठ. हातांचा फोटो.
खाली दोन ओळी, दोन भाषांत,
त्या दिवशी कुठली वर होती आठवत नाही.
दोनशे दहा जणांपर्यंत पोचला. हार्ट एकोणीस.
भरमाण्णांचा त्यात नव्हता.

अकराव्या दिवशी हुक्केरीहून फोन.
"आ कै यारदरी?" एक बाई विचारत होती,
मग मोडक्या मराठीत, "ती करंगळी कुणाची?
वखारीत माझ्या शेजारी बसायची ती.
मुकादम माझ्या विड्या छाटात टाकायचा,
तेव्हा आपल्यातल्या मोजून माझ्या सुपात सरकवायची.
नाव विसरले बघा.
हात कसा विसरंल."

पैसे किती दिले विचाराल, तर काही नाही.
संकेश्वरला बस बदलून आली,
मांडीवर डबा सांभाळत,
नाचणीची आंबील, पातळ, दोनदा गाळलेली,
उरलेल्या तोंडाला गिळता येईल अशी.
दोघी खोलीत बसल्या.
एक कन्नडात बोलत होती,
दुसरी मराठीत मान हलवत होती.
मी मोबाइल उघडला. बोट बटणापर्यंत गेलं.
मग पंख्याचा वेग वाढवायला उठले,
तसं काही उकडत नव्हतं.

भरमाण्णांना महिन्याचा अहवाल लागतो.
लिहिलं: नवीन फॉलोअर चौदा. जमा बाराशे पन्नास.
आंबील, एक डबा.
शेवटची ओळ त्यांनी पेनानं खोडली,
पण हलक्या हातानं, वाचता येईल अशी.

उद्या नऊला काय टाकायचं ते ठरलेलं नाही.
खाली झेरॉक्सचं मशीन चालू आहे.
कुणाचा तरी रिपोर्ट निघतोय, गरम,
दोन प्रती.