मधली खूण

पेट्रोल पंचावन्नवर गेलं त्या आठवड्यात
तिघींनी क्लास सोडला,
एकीने लग्न ठरलं म्हणून,
दोघींनी मी फी वाढवली म्हणून.
भिशीचे अठरा हजार त्याच महिन्यात माझ्या नावावर लागले.
फ्रीज घेणार होते.

सत्त्याण्णवची मारुती, एके काळी पांढरी.
दोन क्लच, दोन ब्रेक,
टपावर पत्र्याची पाटी, सातार्डेकर मोटर ट्रेनिंग.
सातार्डेकर आता मी एकटीच.

अ‍ॅरन दिवेकरांचं गॅरेज कुर्ल्याला, पाइप रोडच्या मागे.
चौकटीवर मेझुझा, तिच्या बाजूला लिंबू-मिरची.
ती शेजाऱ्याची, म्हणतात, पण राहू द्या.
डिकी उघडून त्यांनी टेप लावली,
पेन्सिल कानावर, शिंप्यासारखी.
टाकी बसेल, म्हणाले, पण स्टेपनी बाहेर.
आणि तुमचं सामान?
आमचं सामान काय, दोन प्लास्टिकचे शंकू
आणि जुनी चादर, पहिल्या दिवशी उलटी करणाऱ्यांसाठी.

दोन दिवस स्टुलावर बसून बघितलं.
थंड गॅसला रेडिएटरच्या पाण्याचा शेक द्यावा लागतो,
नाहीतर नळीतच गोठतो,
हे मला बावीस वर्षं गाडी शिकवून ठाऊक नव्हतं.
तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून गेली,
वीतभर अंतरावर एकेक क्लिप.
मग प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून
दिवेकर श्वास रोखून बघत राहिले,
बुडबुडा येतोय का.

गॅसला स्वतःचा वास नसतो, ते म्हणाले.
हा सडक्या कोबीचा वास मुद्दाम घालतात.
गळायला लागला तर माणसाला कळावं.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.
दिनानाथच्या जाण्यात कुणी काही घातलं नव्हतं.
त्या सकाळी डबा नेला, रुमाल नेला,
चिंचेचा सार आंबट झालाय म्हणाला.
आता खोपोलीला असतो.

माहुलच्या चिमणीवरची ज्योत मी लहानपणापासून बघतेय,
मोरीच्या खिडकीतून.
जास्तीचा गॅस जाळून टाकतात, आई सांगायची,
हातात रॉकेलचा डबा, रांगेला निघालेली.
जास्तीचा.

वडाळ्याच्या आरटीओत आरसी बुकावर शिक्क्यासाठी तीन खेपा.
तिसऱ्या खेपेला क्लार्क म्हणाला, मालकांना आणा.
आणलंय, म्हटलं.
त्याने माझ्यामागे कोणी दिसतंय का बघितलं.
मग मारला शिक्का, थोडा तिरका.

स्टेपनी आता शिलाई मशीनखाली आहे.
पंक्चर झाली तर रिक्षाने आणायची.
पंपावर गॅसची रांग वेगळी,
त्यात सगळे रिक्षावाले आणि मी.
पहिल्या दिवशी वाट करून दिली.
दुसऱ्या दिवशी नाही, ते बरं वाटलं.

स्टीअरिंगशेजारी छोटं बटण.
वर पेट्रोल, खाली गॅस, मध्ये काहीच नाही.
सकाळी पेट्रोलवर सुरू करायची,
नाहीतर आतली रबरं सुकतात.
मग बटण मधल्या खुणेवर.
पेट्रोल बंद, गॅसही बंद,
कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलंय तेवढ्यावर
गाडी थोडी जाते आणि आचका देते.
तेव्हाच खाली पाडायचं.
घाई केली तर दोन्ही एकात एक होऊन गुदमरते.

काल यशोधरा शेजवळला हे शिकवत होते,
बँकेत लागलीये, हात अजून घामेजतात.
डायमंड गार्डनला बटण मध्ये घेतलं.
मॅडम, आचका कधी येईल?
येईल. तू रस्ता बघ.
सिग्नल सुटला, नाही आला.
मॅडम, नाहीच आला तर?
अमर महालच्या पुलाच्या चढावर आला,
मागे बेस्टची बस, हॉर्नवर हात ठेवलेली.
तिचा पाय क्लचवर, इकडे माझाही.
आता, मी म्हटलं,
पण तिने आधीच पाडलं होतं.