पान एकशे बारा

नोटीस आली तेव्हा मी लक्ष्मीपुरीत
कागदाच्या रिमा मोजून घेत होतो.
पाच कोटी, पंधरा दिवस, आणि बिनशर्त माफी
ठळक टाइपात.
टाइप कोणता ते लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून पुरावे गोळा करतोय.

बाबगोंडा मगदूम, तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर.
त्यांनी लिहिलं, मी छापलं:
गाडीमागं दोन क्विंटल ऊस काट्यातच मुरायचा.
आता ते नाहीत.
दाव्यात प्रतिवादी एकटा मी.

सुंदराकाकू शिरोळहून एसटीनं आल्या,
मांडीवर डालड्याचा डबा.
आत वजनपावत्या, निम्म्यांची शाई उडालेली,
काहींच्या पाठीवर दुधाचा हिशोब.
"कामाचं हाय का बघा," म्हणाल्या,
आणि चहा न घेताच सहाची गाडी धरली.

गूळ मार्केटातल्या अडत्यानं जुनी वही उघडली,
झेरॉक्स काढू दिली नाही.
"वाचा. पाठ करा. माझं नाव कुठं नको."
उभ्या उभ्या एकोणीस आकडे पाठ केले.
स्टेशन रोडला येईस्तोवर सात उरले.

उपाध्येबाई वकील म्हणतात,
खरं असणं वेगळं, शाबीत होणं वेगळं,
आणि कसबा बावड्याला जाताना
माणसानं दुसरंच घेऊन जावं.

मग गोडाऊन.
त्या वर्षी पंचगंगा आत येऊन गेली
तिची तपकिरी रेघ भिंतीवर अजून आहे.
रेघेखाली लगदा.
रेघेवरच्या फळीवर
पुस्तकाचं दुसरं प्रूफ, खडखडीत कोरडं.

पान एकशे बारा.
चेअरमनचं नाव बाबगोंडांनी खोडलेलं,
निळ्या शाईनं, दोनदा.
समासात: "नको. मुलगा कारखान्यात आहे."
त्याखाली लाल शाई, अक्षर माझं:
"राहू दे. पुस्तक चालेल."

चाललंही. दोन आवृत्त्या.

बाईंनी पान वाचलं. चष्मा काढून पुसला.
खिडकीकडं बघत म्हणाल्या,
"पुरात बरंच गेलं असेल ना तुमचं?"

"बरंच," मी म्हटलं.

रात्री सुंदराकाकूंचा फोन:
"पावत्या ऱ्हाऊ द्यात तुमच्याकडं.
डबा तेवढा लावून द्या, शेंगा फोडून ठेवल्यात.
पोरगा आता घरातच असतोय,
त्यो येईल न्यायला."

टेबलावर पान पंख्यानं हलत होतं.
मी त्यावर डबा ठेवला,
मग उचलला.