गुरुवारचा काटा

कोकसाय नदीत एक पांढरी पट्टी उभी आहे,
काळ्या सेंटिमीटरांची.
सकाळी आठला एकदा, रात्री आठला एकदा
बुर्माकानबाई उतार उतरायच्या, वाचायच्या, लिहायच्या.
मधल्या बारा तासांत नदी काय करायची
ते नदीच जाणे.
एकतीस वर्षं. तीनशे बहात्तर वह्या
आता बिश्केकमध्ये माझ्या टेबलावर,
रॉकेलचा आणि मेंढीच्या चरबीचा वास धरून.

मामिरोविच सर कन्व्होल्यूशन शिकवायचे
कागदाच्या दोन पट्ट्यांनी.
एकीवर रोजचं ऊन.
दुसरीवर नदीचा स्वभाव:
एकच दिवस तापला, तर पाणी किती?
आज पाच, उद्या तीन, परवा एक, तेरवा अर्धा.
दुसरी उलटी लिहा, पहिलीखाली सरकवा,
घराला घर गुणा, बेरीज मांडा.
उलटवल्यावर उद्याचा काल होतो;
परवा मात्र परवाच राहतो.
"उलटी का पण?" मागच्या बाकावरून मीच विचारलं होतं.
सर फळा पुसत म्हणाले,
"जो आधी निघाला, तो जास्त चाललेला असतो, मुली.
दमून पोचतो. पण पोचतो."

रेषीय म्हणजे काय, तेही त्यांनीच सांगितलं:
दुप्पट घाव, दुप्पट हुंकार, ना कमी ना जास्त.
नदी जवळजवळ तशी.
माणसांचा विषय ते काढत नसत.

पट्ट्या सरकवून हात दुखले की फूरिये.
तिथे तारखा विचारायच्या नाहीत,
कुठला ताल किती जोरात, एवढंच.
तिथे नुसता गुणाकार,
प्रत्येक ताल आपल्या घरात,
शेजारच्या ओट्यावर पाऊल न ठेवता.

बावीस हजार आकडे ओतले.
वर्षाचा काटा आला, सुळक्यासारखा.
अगदी कडेला दिवसाचा: दुपारी वितळलेलं
रात्री खाली पोचतं, वर-खाली, वर-खाली;
त्यापलीकडे दिवसातून दोनदाच पाहणारे आम्ही आंधळे.
आणि मध्येच, कुणी न बोलावलेला,
बारीक, ताठ, सातवर.

सात दिवस.
नदीला आठवडा कुणी शिकवला?
वर धरण नाही, गिरणी नाही,
हिमनदी काही बाजाराला जात नाही.

वर्षं सुटी करून पाहिली.
एकोणऐंशीत उगवतो. शहाऐंशीच्या मार्चनंतर नाही.
मग वह्या उघडल्या.
गुरुवार, सकाळ: एकशे बेचाळीस.
गुरुवार, रात्र: एकशे बेचाळीस.
भर जुलैत! बुधवारी रात्री आठ बोटं चढलेली नदी
गुरुवारी जागची हलत नाही.

जुन्या वेळापत्रकात सापडलं:
खिंडीपलीकडे क्षयाचं इस्पितळ,
बस आठवड्यातून एकदा, नऊला सुटणारी.
कोणासाठी, ते आकड्यांत नाही.

"सातचा काटा छाट," रिस्बेक साहेब म्हणाले,
"निरीक्षकाची चूक."
छाटला. एका ओळीचं काम.
खालच्या गावाला बांध घालायचाय,
बांधाला खरी नदी लागते.

पण वह्या मी परत केल्या नाहीत.
कारण त्या मार्चनंतर
सगळे वार पूर्ण आकड्यांत,
आणि गुरुवारची रात्र तेवढी:
एकशे अडतीस पूर्णांक अर्धा.
एकशे एक्केचाळीस पूर्णांक अर्धा.
एकोणीस वर्षं, जिथे अर्धा असेल तिथे अर्धा,
इतकं बारीक की आलेखात उमटतही नाही.

मागच्या ऑक्टोबरात गेले. त्या आता लेकीकडे, ओशला असतात.
पट्टी आहे अजून, शेवाळलेली.
रात्री आठला कंदील घेऊन उभी राहिले.
लाट खुणेवर चढते, उतरते, चढते;
खरं पाणी कुठे ते कळायला
किती लाटा सोसाव्या लागतात?
पाय बधिर झाले.
मला पूर्ण आकडाच लिहिता आला.